क्रॉकफर्डच्या ओढ्यावरची निळी टाचणी

इंग्लंडच्या दक्षिणेकडील न्यू फॉरेस्टमध्ये जूनच्या अखेरीस मी दोन दिवस काढले ते एका टाचणीसाठी, म्हणजे चतुरासारख्या दिसणाऱ्या एका नाजूक कीटकासाठी. इंग्रजीत 'सदर्न डॅम्सेलफ्लाय' म्हणतात ती ही जात ब्रिटनमधील धोक्यातल्या जातींच्या २००८ च्या लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेली आहे.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून ब्रोकनहर्स्टला रेल्वेने सुमारे दीड तासात पोहोचता येते. तेथे सायकल भाड्याने मिळते, आणि ब्यूली ते लिमिंग्टन रस्त्यावरील क्रॉकफर्ड पुलापर्यंत जाण्यास ती पुरेशी आहे. पहिल्या दिवशी आभाळ भरलेले असताना जाण्याची चूक मी केली आणि तीन तासांत एकही टाचणी दिसली नाही, कारण ऊन नसले की त्या गवतात दडून राहतात. तेव्हा मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचा स्वच्छ उन्हाचा, वारा पडलेला दिवस निवडावा.

दुसऱ्या दिवशी ऊन पडताच नर दिसू लागले. जेमतेम तीन सेंटिमीटरची निळी काडीच ती, पण पोटाच्या दुसऱ्या खंडावर बुध ग्रहाच्या चिन्हासारखी (☿) काळी खूण असते. तेथेच वावरणाऱ्या 'अझ्युअर' टाचणीच्या याच खंडावर इंग्रजी 'यू' अक्षर असते, त्यामुळे जवळून स्पष्ट दिसणारी दुर्बीण नसेल तर फसगत ठरलेली. एक जोडी माझ्यासमोर पाणवनस्पतीवर उतरली, आणि नराने मान धरून ठेवलेली मादी देठाच्या आत अंडी घालू लागली.

या टाचणीला उथळ, संथ, उन्हात न्हालेला आणि काठाने मोकळा ओढा लागतो. तो मोकळा ठेवतात ती येथील तट्टे आणि गुरे, जी आपल्याकडच्या गायरानात चरावीत तशी या रानात मोकळी चरतात. चराई थांबली की झुडपे वाढून सावली पडते. उलट जनावरे फार झाली की काठ उद्ध्वस्त होतो. शेतातील खतांचा निचरा आणि पाण्याचा उपसा ही आणखी मोठी संकटे आहेत. अळी दोन वर्षे पाण्यातच वाढत असल्याने एका उन्हाळ्यात ओढा आटला तर दोन पिढ्यांचे नुकसान होते, आणि बहुतेक प्रौढ टाचण्या जन्मस्थानापासून शंभरेक मीटरपलीकडे जात नसल्यामुळे उजाड झालेला ओढा पुन्हा वसणे अवघड असते.

कुत्र्यांच्या पिसवांवरील औषधांतील कीटकनाशके ब्रिटनमधील नद्यांत आढळली आहेत, हे मला फार उशिरा कळले. औषध लावलेला कुत्रा पाण्यात सोडू नये.

१९८१ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने परवान्याशिवाय ही टाचणी पकडता येत नाही, म्हणून जाळी घरीच ठेवावी. पात्रात उतरू नये. काठावर एका जागी बसले की टाचण्या आपोआप जवळ येतात. गमबूट घालावेत, कारण कोरडी वाटणारी जमीन घोट्यापर्यंत खचते. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. परतल्यावर गुडघ्यामागचा भाग अवश्य तपासावा. मला तेथेच एक सापडली.