पत्र्याच्या पोटातलं पाणी

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. पारा त्रेचाळिसावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि फळीवरच्या कैरीच्या लोणच्यावर कुणीतरी जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, झाकण ठेवून दिलेलं. उचलून बघावं तर आतल्या बाजूला पांढरी भुकटी. ती पुसली की खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे, एखादा आरपार. मीठ आणि आंबट एकाच जागी मुक्कामाला आल्यावर जर्मलचं दुसरं काय होणार? अशी झाकणं आपल्याकडे टाकून देत नाहीत. ती तांदळाच्या डब्यावर जातात.

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही असं छातीठोकपणे सांगणारी माणसं हेच लोणचं खाऊन मोठी झालेली असतात. गंज चढतो. लोखंडासारखा तांबडा नसतो, म्हणून नजरेत भरत नाही, इतकंच. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप धरतो आणि तोच त्याला वाचवतो. मिठातलं क्लोराइड हा थर एखाद्या ठिकाणी फोडतं. मग खड्ड्याच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, आतलं पाणी आम्ल होत जातं, आणि खड्डा रुंद व्हायचा सोडून खोल जातो. वर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी टिकली, खाली पोखरलेलं. विमानाच्या पत्र्यावर नेमकं हेच होतं.

किंबहुना विमानाचं ॲल्युमिनियम जर्मलपेक्षा नाजूक प्रकृतीचं. शुद्ध ॲल्युमिनियम गंजाला सहसा दाद देत नाही, पण त्यात जोर नसतो. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात आलं, की थोडं तांबं घातलेलं ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवलं आणि नुसतं ठेवून दिलं, तर ते आपोआप कडक होत जातं. आजही विमानं बऱ्याच अंशी त्या कुळातल्या धातूंवर उडतात. २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूत तांबं चार-साडेचार टक्के, ७०७५ क्रमांकाच्या मिश्रधातूत जस्त साडेपाचच्या आसपास. ताकद आली, पण पत्र्याच्या आतच दोन स्वभावांचे धातू शेजारी राहायला आले, आणि ओल लागली की त्यांच्यात वीज खेळायला लागते. त्यावर तोड म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचं अस्तर लाटतात. त्याला ॲल्क्लॅड म्हणतात. पातळ पत्र्यात हे अस्तर दर बाजूला जाडीच्या साधारण पाच टक्के, म्हणजे एक मिलिमीटरच्या पत्र्यावर ०.०५ मिलिमीटर. आरशासारखी घासलेली चंदेरी विमानं लोकांना देखणी वाटतात, मला ती बघवत नाहीत. दर पॉलिशबरोबर त्या अस्तराचा थोडा थोडा निरोप चाललेला असतो. त्यापेक्षा आतल्या बाजूचा तो मळकट पोपटी प्रायमर बरा. दिसायला काही नाही, पण कामाचा.

आता आपल्या होटगी रोडवरच्या विमानतळाचं. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, आणि सोलापूरकर मान वर करून बघायला लागले. हवा कोरडी असणं हा विमानांच्या दृष्टीने मोठा गुण आहे. कामावरून उतरवलेली विमानं ॲरिझोनातल्या टुसानला किंवा स्पेनमधल्या तेरुएलला नेऊन ठेवतात, त्यामागे हे एक मोठं कारण. त्या हिशेबाने आपल्या एप्रिल-मेला काही भाव यायला हरकत नव्हती. पण विमान इथे टेकतं ते घडीभर, आणि येतं समुद्राकाठची खारी हवा अंगावर घेऊन. ते मीठ गोड्या पाण्याने धुता येतं. न धुता येणारी गोष्ट वेगळीच आहे: विमान आपलं पाणी आपणच घेऊन फिरतं.

माणूस श्वासातून आणि घामातून तासाला पन्नास-शंभर ग्रॅम पाणी सोडतो. जेट विमान उंचावर गेलं की बाहेर उणे पन्नास अंश, आणि पत्र्याची आतली बाजू बर्फासारखी गार. प्रवाशांची वाफ तिथे जाऊन गोठते. खाली उतरताना वितळते, इन्सुलेशनच्या गाद्यांमध्ये मुरते आणि ठिबकत विमानाच्या पोटात, बिल्जमध्ये जमते. तिथे तळाला भोकं ठेवलेली असतात. ती भोकं धूळ, सीलंटचा तुकडा, कापसाचा बोळा, एखादा पडलेला रिव्हेट (पत्रे जोडायची खीळ) यांनी बुजली, की वरचा कितीही महागाचा रंग असून उपयोग नाही. त्यात स्वयंपाकाच्या जागेखाली कॉफी आणि फळांचा रस, संडासाखाली तर विचारूच नका. जुन्या विमानात जमिनीखालच्या तुळया सगळ्यात आधी कुठे खराब होतात, हे दुरुस्तीवाल्याला फळ्या उचलायच्या आधीच माहीत असतं.

दोन पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेट मारलेल्या जोडाची गोष्ट याहून वाईट, कारण तिथे डोळा पोचत नाही. फटीत पाणी शिरलं की जो पांढरा माल तयार होतो तो मूळ धातूच्या पाच-सहा पट जागा मागतो. पत्रे रिव्हेटांमध्ये फुगतात, रिव्हेटवर ताण येतो, भोकांच्या कडेने चिरा पडतात. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवरच्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत चोवीस हजार फुटांवर उडालं, सुमारे अठरा फूट लांबीचं. पत्रा ०.९ मिलिमीटरचा. जोड आधी डिंकासारख्या एका थराने चिकटवलेला होता. तो सुटला, ओल आत गेली, भार सगळा रिव्हेटांवर आला. विमान एकोणीस वर्षांचं, पण उड्डाणं ८९,६८०, तीही खाऱ्या हवेत, बेटाबेटांमधली छोटी छोटी. वैमानिकांनी ते तशातही उतरवलं. एक हवाईसेविका मात्र गेली. जुन्या विमानांच्या गंजाची ठरावीक मुदतीने आणि ठरावीक जागी तपासणी सक्तीची झाली ती यानंतर.

प्रकार आणखी बरेच आहेत. रंगाखालून दोऱ्यासारखी वळवळत जाणारी फिलिफॉर्म रेघ. ती बहुतेक रंगाआधीच्या धुण्यातल्या आळसाची पावती असते. दाबून काढलेल्या जाड पट्ट्यांचे पापुद्रे सुटतात, स्क्रूच्या कडेने भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे फुगून येतात. आणि ताण व ओल एकत्र आल्यावर पडणारी चीर, जिची गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्रजी फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा जायच्या. कारण तबेल्यातला अमोनिया, आणि पितळ ठोकताना आत राहिलेला ताण, हे १९२१ मध्ये सिद्ध झालं. ७०७५ चंही तसंच. तापवून कडक केलेल्या, टी-६ नावाच्या अवस्थेत ते सर्वात ताकदवान, पण अशा चिरेला मऊ. म्हणून मुद्दाम जास्त वेळ भाजून टी-७३ करतात. दहा-पंधरा टक्के ताकद जाते, झोप मात्र नीट लागते.

सापडलेला गंज काढायचा कसा, यावर लोक फार घाई करतात. पहिला नियम: ॲल्युमिनियमवर लोखंडी काथ्या किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही. त्याचे कण रुततात आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. नायलॉनची घासणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पॉलिशपेपर. पांढरं सगळं जाईपर्यंत घासायचं, दहापट भिंगातून बघायचं, मग खड्ड्याच्या कडा बशीसारख्या उतरत्या करायच्या, लांबी साधारण खोलीच्या वीसपट. उरलेली जाडी मोजायची आणि त्या विमानाच्या दुरुस्तीच्या पुस्तकातली मर्यादा बघायची. अंदाज चालत नाही. मग धुणं. पाणी ओतल्यावर ते सलग पसरलं पाहिजे. थेंब धरले तर तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. मग अलोडाइन, म्हणजे ॲल्युमिनियमवर संरक्षक थर धरवणारं क्रोमेटचं द्रावण, दोन ते पाच मिनिटं, सुकू न देता. हलका सोनेरी रंग आला की पाण्याने धुवायचं आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. भुकटी सुटली तर जास्त वेळ ठेवलंत. ते क्रोमेट विषारी, हातमोज्यांशिवाय नाही, आणि भिजलेली फडकी धुतल्याशिवाय कचऱ्यात टाकायची नाहीत, वाळली की पेट घेतात. त्यावर प्रायमर, मग रंग, आणि पोटाच्या भागात पाणी हटवणारा मेणचट फवारा.

इंधनाच्या टाकीत गंज लावणाऱ्या बुरशीचं राहिलंच. केरोसीनच्या तळाशी पाणी साचतं, आणि दोघांच्या सीमेवर ती केरोसीन खाऊन वाढते. टाकीचं तळाचं पाणी नेमाने काढणं हा त्यावरचा जुना उपाय. आणि पारा. फुटलेल्या थर्मामीटरमधला पाऱ्याचा थेंब ॲल्युमिनियमच्या खरवडलेल्या जागी पोचला, तर ऑक्साइडचा थर पुन्हा धरू देत नाही, धातू आतून ठिसूळ होतो. म्हणून विमानात पाऱ्याचा थर्मामीटर नेण्यावर कडक बंधनं आहेत. थेंब सांडलाच तर फडक्याने पुसायचा नाही, पसरतो.

खिडकीशी बसायला मिळालं तर पंखाच्या रिव्हेटांमागे काळ्या रेघा दिसतात का बघा. रिव्हेट ढिला होऊन घासला की अशी काळी पूड हवेने मागे ओढली जाते. पण लगेच कुणाला हाक मारायला जाऊ नका. बऱ्याचदा ती तेलावर बसलेली साधी धूळ असते, आणि खरंच पूड असली तरी फडकं मारून खूण करणारा माणूस जमिनीवर असतो, तुमच्या चहाच्या गाडीमागे नाही.