बॉडी कंडिशन : ओके

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता. दुपारी एक ते चार नागपुरात बर्डीवरच्या माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं, म्हणून तेवढ्या वेळात मी बोर्डाची किचकट कामं काढतो. कूलरच्या टाकीत पाणी ओतून खुर्चीत टेकलोच होतो, तेवढ्यात डोक्याला दुपट्टा बांधलेले एक काका आत आले. काखेत लॅपटॉपची बॅग, हातात प्लास्टिकची फाइल. काउंटरवर आधी फाइल ठेवली, मग लॅपटॉप.

काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्यासाठी आठ महिन्यांपूर्वी एका मोठ्या शोरूममधून ४६,९९० रुपयांना हा लॅपटॉप घेतला होता. वॉरंटी एक वर्षाची. महिनाभरापासून झाकण उघडताना कडकड आवाज यायचा आणि आता उजव्या बिजागरीपाशी कोपरा फाकला होता. सर्व्हिस सेंटरनं 'फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही' असं लिहून ११,८०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. शोरूमवाला म्हणाला, आम्ही फक्त विकतो.

"पोरीनं पाडला म्हणून रायले ते," काका म्हणाले. "पाडला असता तं मीच सांगतलं असतं ना भाऊ."

असे लॅपटॉप माझ्याकडे आठवड्याला एक-दोन तरी येतात. स्वस्त मॉडेलमध्ये लोखंडी बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट नुसते प्लास्टिकच्या खुंट्यांत रुतवलेले असतात. बिजागरी घट्ट असली की झाकण उघडताना सगळा ताण त्या खुंटीवर येतो. ती आधी पांढरी पडते, मग तडकते आणि एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून निघतो. पडलेल्या लॅपटॉपचं तसं नसतं. जिथे आपटला तिथे कोपरा दबतो, घासल्याची खूण राहते आणि तडा बाहेरून आत जातो. फाकलेल्या फटीत मी टॉर्च मारला. नट स्क्रूलाच लटकत होता, भोवती प्लास्टिकचा गोळा. बाहेर चारही कोपरे नव्यासारखे.

काका म्हणाले, "खोलून पाहा ना पुरा."

"नाही काका. माझा स्क्रूड्रायव्हर लागला की ते म्हणतील, बाहेरच्या मेकॅनिकनं बिघडवला."

शिवाय उद्या प्रकरण ग्राहक आयोगात गेलं आणि दोष नुसत्या पाहण्यानं ठरेना, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तेव्हा ती जशीच्या तशी असलेली बरी. म्हणजे ज्या कामावर मी पोट भरतो, ते काम न करण्याचा सल्ला मी देत होतो. मोबाइलवर फटीचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो तेवढे काढले.

मग फाइल उघडली. बिल, वॉरंटी कार्ड, खोक्यावरचं सिरियल नंबरचं स्टिकर, सगळं तारखेवार लावलेलं. जन्मभर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळवलेला माणूस. त्यात एक जॉब शीट होतं, सर्व्हिस सेंटरनं लॅपटॉप जमा करून घेताना दिलेलं. असले कागद लोक पार्किंगमध्येच टाकून देतात. मी वरून खाली वाचत गेलो आणि मधल्या रकान्यात थांबलो. बॉडी कंडिशन : ओके. डेंट : नाही. क्रॅक : नाही. तक्रार : हिंज टाइट, उघडताना आवाज. खाली त्यांच्याच पोराची सही. 'फिजिकल डॅमेज'वाल्या एस्टिमेटवर तारीख तीन दिवसांनंतरची. आणि ते तीनही दिवस लॅपटॉप त्यांच्याच ताब्यात.

"काका, हा कागद नंतर कोणाला दाखवला?"

"कोणी मागतलाच नाही."

मी शटर अर्धं ओढलं. खरं म्हणजे मी अशा भानगडीत पडत नाही. त्या सेंटरची पोरं मला ओळखतात, वॉरंटी संपलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे धाडतात. पण तो कागद पाहिल्यावर दुकानात बसवेना.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या पोरानं मला पाहून नजर चुकवली. काकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि काहीच बोलले नाहीत. पोरानं वाचलं, पुन्हा वाचलं. "सर, सिस्टिममध्ये हिंजसाठी दुसरं कारणच येत नाही," तो हळूच मला म्हणाला. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. सुपरवायझर आला, त्यानं 'कंपनी पॉलिसी'चा पाढा म्हटला.

"ठीक हाय," काका म्हणाले. "जमा केला तेव्हा ओके होता अन् तुमच्यापाशी असताना तुटला, पण दुरुस्त करून देत नाही, असं लिहून द्या. सही-शिक्का मारा."

लिहून द्यायला कोणी तयार होईना. काका तिथल्याच खुर्चीवर बसले आणि १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती निकाल देत नाही, तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि नंबर देते. काकांनी तो नंबर मोठ्यानं म्हणत फाइलीवर लिहिला. सुपरवायझर ऐकत होता.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "कंपनी बंगलोरची. केस करायची तं तिथं जा लागंन काय?"

नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आपल्या नागपुरातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि शोरूमवाल्यालाही प्रतिवादी करता येतं, पैसे तर त्यानंच घेतले होते. हे सगळं मला आधीच्या एका गिऱ्हाइकाच्या भांडणातून कळलं होतं. रात्री काकांच्या मुलीनं कंपनी आणि शोरूम दोघांच्या नावे नोटीस टाइप केली, माझ्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर. 'दुरुस्त करा, नाहीतर बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा', पंधरा दिवस. सोबत दोन्ही कागदांच्या झेरॉक्स. स्पीड पोस्टाच्या पावत्या अर्थातच फाइलीत गेल्या.

अकराव्या दिवशी कंपनीचा मेल आला : एक वेळची बाब आणि सद्भावना म्हणून मोफत दुरुस्ती करून देऊ. 'सद्भावना' या शब्दावर काका असे भडकले की विचारू नका. पण मुलीचं प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर होतं. खालचं अख्खं कव्हर आणि दोन्ही बिजागऱ्या बदलून मिळाल्या. लॅपटॉप परत घेताना डिलिव्हरीच्या कागदावर 'वॉरंटीअंतर्गत' असं लिहिल्याशिवाय काकांनी सही केली नाही. महिनाभर मुलगी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रात्री जागली, त्याचं मात्र कोणी काही दिलं नाही.

संध्याकाळी काका लॅपटॉप दाखवायला आणि हिशेब करायला दुकानात आले. मी म्हटलं, मी तर काही केलंच नाही, फोटो काढले फक्त. ऐकेनात. तपासणीचे शंभर रुपये काउंटरवर ठेवले आणि उभेच राहिले.

"आता काय काका?"

"पावती."

माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. बारा वर्षांत मी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून देत आलो होतो, वॉरंटीही तोंडीच. काकांना बसायला सांगून शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडून पुस्तक आणलं आणि पहिली पावती फाडली, क्रमांक एक.

काकांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि माझ्यापुढे सरकवली.

"तारीख टाका."