आमची वाटचाल : डोंबिवली ते कॉव्हेंट्री, मागच्या एक्सलवरून

नव्वदच्या दशकात कल्याणला प्यूजो 309 बनायची, तेव्हा मी डोंबिवलीच्या एका गॅरेजात पाने पुढे करणारा पोऱ्या होतो. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आल्यावर कळलं, ही गाडी आधी इथे शेजारी रायटनला बनत होती आणि तिची दारं प्यूजोच्याच 205 या छोट्या गाडीची होती. तेवढ्या ओळखीवर 2009 साली भाड्याच्या गाळ्यात धंदा मांडला. काम एकच, 205 जीटीआयचे, म्हणजे 205च्या वेगवान रूपाचे, मागचे एक्सल (चाकांचे आस).

कामाला तोटा नव्हता. जुन्या एक्सलच्या नळीत पाणी शिरतं, नीडल बेअरिंग गंजतात, मग मागची चाकं वरून आत झुकतात. गिऱ्हाईक म्हणतं, काय रुबाबात उभी आहे! रुबाब कसला, बेअरिंग गेलेलं असतं.

पहिली रेनो 5 जीटी टर्बो, म्हणजे रेनोची तशीच छोटी वेगवान गाडी, दारात आली तेव्हा मी नाहीच म्हणालो होतो. 1,397 सीसीचं जुन्या धाटणीचं पुशरॉड इंजिन, मूळ घराणं 1962चं, त्यावर टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), आणि दाबलेली हवा थेट पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरमधून. गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी किल्ली फिरवा. आत पेट्रोल उकळलेलं, गाडी ढिम्म. पण टर्बो भरला की असा काही रट्टा बसतो की शिव्या विसरायला होतात. शिकलो.

2014 साली हौसेनं अशीच एक रेनो विकत घेतली. खालची प्लास्टिकची झालर काढली, तर पत्र्याच्या जागी नुसती लांबी, म्हणजे पुट्टी! विकणाऱ्यानं फोन उचलणंच सोडलं. तीन महिने घरी पगार नेला नाही. तेव्हापासून झालर काढल्याशिवाय आम्ही रेनोचा भाव सांगत नाही.

संग्रहासाठी लोक 205 जीटीआयमधली 130 अश्वशक्तीची, 1.9 लिटर इंजिनाची मागतात. मोठी चाकं, मागेही डिस्क ब्रेक. मला विचाराल तर 1.6 लिटरवाली जास्त हलकी, जास्त खेळकर. (वळणावर अचानक पाय उचलू नका, दोघींचीही शेपटी सुटते.) रेनो मात्र मूळ रूपात मिळणं कठीण, पोरांनी टर्बोचा दाब वाढवून इंजिनं फोडली, उरलेल्या गंजल्या. अस्सल सापडली तर तीच घ्या, रोज चालवायची असेल तर 205.

आज गाळ्यात आम्ही तिघं, हिशेब बायकोकडे. माझी स्वतःची गाडी 309 जीटीआय. तेच 1.9 इंजिन, आणि भाव विचारायला कोणी येत नाही.