अनुदानाचा अर्ज सोपा होता, संपादकाच्या पत्राने जीव काढला

पर्यावरणावर लिहिणाऱ्या नवख्या पत्रकारांसाठी वार्तांकनाचं अनुदान देणाऱ्या संस्था कमी नाहीत. इंटरन्यूज या माध्यमांना मदत करणाऱ्या संस्थेने 2004 मध्ये सुरू केलेलं अर्थ जर्नलिझम नेटवर्क आहे, मोंगाबे या पर्यावरणविषयक बातम्यांच्या साइटची खास नवोदितांसाठीची फेलोशिप आहे, शिवाय लहानमोठे निधी आहेत. प्रस्ताव, परिचय, छापून आलेल्या बातम्यांच्या लिंका हे सगळं सुरळीत पार पडतं. मी अडकले ती 'संपादकाचं पाठिंबापत्र' या एका ओळीवर. कुठल्या कार्यालयात, ते लिहीत नाही. राग मात्र अजून गेलेला नाही.

फ्रीलान्स पत्रकाराकडे हे पत्र मागणं रास्तच आहे, कारण पैसे देणाऱ्याला बातमी कुठेतरी छापून येण्याची खात्री हवी असते. पण संपादक म्हणतात, आधी अनुदान मिळू दे, मग बघू. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. त्यातून पत्र मिळवावं, तर 'पत्र अपुरं आहे' एवढा शेरा मारून अर्ज परत येतो. काय अपुरं, हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. दोन ओळींचा नमुना अर्जासोबत ठेवला असता तर दोन्हीकडची डोकेदुखी वाचली असती.

तर काय लागतं ते मीच सांगते. पत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. 'या अत्यंत मेहनती व होतकरू पत्रकार आहेत' या वाक्याचा तिथे काडीचा उपयोग नाही. हवं ते असं: 'या विषयावरचा सुमारे 2000 शब्दांचा वृत्तांत आमच्या संपादकीय निकषांवर उतरल्यास अमुक महिन्यापर्यंत प्रसिद्ध करण्याचा आमचा विचार आहे.' यातलं 'निकषांवर उतरल्यास' फार मोलाचं आहे. बिनशर्त हमीवर कुठलाही शहाणा संपादक सही करणार नाही, सशर्त वाक्यावर करतो, आणि अनुदान देणाऱ्यालाही तेवढं चालतं. बातमीचं शीर्षक प्रस्तावात आहे तेच पत्रात असावं. लेटरहेड, पदनाम, तारीख, सही आणि माध्यमाचा अधिकृत ईमेल पत्ता हवा. फाइल पीडीएफ असावी; नुसता ईमेल पुढे ढकलला तर तो पत्र म्हणून धरला जाईलच असं नाही.

आणखी एक खाच पुनर्प्रकाशनाची. अनेक निधींची अट असते की बातमी त्यांच्या किंवा इतर माध्यमांच्या साइटवरही घेता यावी. उलट काही वृत्तपत्रांच्या करारात सर्व हक्क त्यांचेच असतात. ही टक्कर बातमी लिहून झाल्यावर कळली तर मधल्या मध्ये पत्रकार मरतो. म्हणून 'प्रसिद्धीनंतर श्रेयनिर्देशासह पुनर्प्रकाशनास हरकत नाही' हे वाक्य पत्रातच घालून घ्या.

पत्र मागायला थेट मुख्य संपादकांकडे जाऊ नका. ज्या डेस्कप्रमुखाला लेख मागवायचा अधिकार आहे त्याला गाठा, अंक लागायच्या वेळी नव्हे, आणि मसुदा स्वतः तयार करून द्या. सोबत दोनशे शब्दांत बातमी काय ते लिहा. 'नदीचं प्रदूषण' हा विषय झाला, बातमी नाही. 'सांडपाणी प्रक्रिया केंद्र कागदोपत्री पूर्ण क्षमतेने चालतं, पण त्याच्या खालच्या अंगाला नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घसरलेला आहे', ही बातमी. एवढं नेमकं दिसलं की सही लवकर होते.

हो, पाण्याचे नमुने तपासणार असाल तर अंदाजपत्रकात फक्त नमुन्यांची संख्या धरू नका. प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना (सोबत नेलेल्या शुद्ध पाण्याचा) आणि एक दुहेरी नमुना (त्याच जागी पुन्हा घेतलेला) लागतो, नाहीतर कारखान्याचा वकील आकडे पाच मिनिटांत उडवून लावेल. एकूण जड धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणावा लागतो. प्रयोगशाळेकडून तयार बाटल्याच मागून घ्या. विरघळलेला ऑक्सिजन मीटरने जागेवरच मोजायचा. जंतूंच्या तपासणीचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा, म्हणजे त्या गाडीभाड्याचीही सोय हवी. उपग्रहचित्रांवर मात्र पैसे दाखवू नका. सेंटिनेल-2 ची 10 मीटर तपशिलाची चित्रं फुकट मिळतात, लँडसॅटचा साठा तर 1972 पासूनचा आहे. फुकट गोष्टीला खर्च लावला की परीक्षकाला बाकीचे आकडेही संशयास्पद वाटतात. स्वतःचं मानधन लिहायला लाजू नका.

मार्गदर्शक मिळाला तर त्याला पद्धत विचारा: नमुने कुठून घ्यावेत, कुठल्या शास्त्रज्ञाला काय विचारावं. भाषा आणि मांडणी संपादकावर सोडा. दोघे एकाच मसुद्यावर लाल खुणा करू लागले की तो कुणाचाच राहत नाही.

पत्रातला महिना गंभीरपणे घ्या. पैसे बहुधा हप्त्यांत येतात, शेवटचा हप्ता बातमी छापून आल्यावर. डेस्कने बातमी लांबवली की तो हप्ताही लांबतो. सही करणारा संपादक मध्येच नोकरी सोडून जाऊ शकतो, म्हणून पत्रात 'मी' नको, माध्यमाच्या नावाने 'आम्ही' हवं, आणि दुसऱ्या एका सहकाऱ्याला ईमेलची प्रत गेलेली असावी.