गिगल, चकल आणि आमच्या गावच्या पोरी

इंग्रजीत हसण्याला किती शब्द आहेत ते इंग्लंडात राहायला आल्यावर नीट कळतं. शाळेत आपण लाफ आणि स्माइल हे दोनच शिकतो आणि तेवढ्यावर दहावी काढतो. इथे लीड्सला हॉस्पिटलात काम करताना गिगल, चकल, स्निगर, ग्रिन, स्मर्क, कॅकल, गफॉ असे शब्द येता-जाता कानावर पडतात, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एकाच्या जागी दुसरा वापरला तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या गावच्या पोरी. विदर्भातल्या दारव्हा तालुक्यात माझं माहेर. रविवारी इथे सकाळ आणि तिकडे दुपार असते, तेव्हा भावाची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी ओसरीत पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून बसतात आणि आम्ही इंग्रजीचा सराव करतो. सगळ्या दहावीच्या. परवा हसण्याचे शब्द घेतले. प्रत्येक शब्दाला गावातलं एकेक माणूस शोधायचं, असं ठरलं. पोरींना हा खेळ फार आवडला.

"स्निगर म्हंजे ते बसस्टॉपवरचे पोट्टे, आत्या. आमी निंगालो का पाठीमागून फिदीफिदी करतेत."

"चकल म्हंजे आबाजी. पेपर वाचता वाचता एकलेच हासतेत."

गफॉसाठी पारावर बसणाऱ्या एका काकांचं नाव एकमतानं निघालं. त्यांचं हसणं मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू येतं. कॅकल हा मुळात अंडं घालणाऱ्या कोंबडीचा आवाज आहे असं सांगितलं, तर एकीनं लगेच शेजारच्या काकूचं नाव घेतलं. आणि गिगल? "गिगल म्हंजे आमीच," असं म्हणून सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या.

तेवढ्यात आतून माझ्या आईचा आवाज आला. "काहून खिदळून राह्यल्या वं? आवाज रस्त्यावर चालला."

पोरींचे हात तोंडावर गेले, ओढण्या पुढे आल्या. पडद्यावर मला नुसते डोळे दिसत होते.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. हसण्याचे हे शब्द आवाज तर सांगतातच, पण हसणारं माणूस कोण आहे आणि त्याला एवढं हसायची मुभा आहे का, याचा निवाडाही करून टाकतात. इंग्रजीत चकल बहुतेक वेळा वयस्क, समाधानी पुरुषाच्या वाट्याला येतं. गिगल पोरीबाळींचं. कॅकल म्हाताऱ्या बायांचं आणि गोष्टींतल्या चेटकिणींचं. गफॉ असभ्य खरं, पण पुरुषाला चालून जातं. आपल्याकडेही तेच. पुरुष खो खो हसतो, खदाखदा हसतो. पोरगी खिदळते. फिदीफिदी हसली तर उथळ, दात काढले तर निर्लज्ज, गालातल्या गालात हसली तर मनात काहीतरी आहे. कसंही हसा, शेरा ठरलेलाच.

हा शेरा फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांसाठी, मधले दोन मध्यमांसाठी, शेवटचे दोन अधमांसाठी. स्मितात दात दिसता कामा नयेत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कुशी धरून मोठ्यानं हसायचं ते अधमानं. आणि त्याच अध्यायात असंही म्हटलं आहे की हास्यरस बहुधा स्त्रियांत आणि नीच प्रकृतीच्या पात्रांत दिसतो. मी भरतमुनींना दोष द्यायला बसलेली नाही. त्यांनी रंगभूमीसाठी लिहिलं आणि जगात दिसलं ते लिहिलं. पण आमच्या ओसरीतल्या पोरींच्या तोंडावरचा हात किती जुना आहे, ते हे वाचताना कळतं.

महाभारताचंही तसंच. "बाई हासली अन् महाभारत झालं" हे मी लहानपणापासून ऐकत आले. सभापर्वात मात्र दुर्योधन मयसभेत पाण्यात पडतो तेव्हा भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात, नोकरचाकरही हसतात. पुढे बापाकडे गाऱ्हाणं नेताना दुर्योधन कृष्णार्जुनांबरोबर द्रौपदीचं आणि तिच्या बायांचंही नाव घेतो. एवढे सगळे हसले, पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते एका बाईचं हसणं.

आणि हे फक्त आपलंच आहे असंही नाही. २०१४ च्या जुलैत तुर्कस्तानचे तेव्हाचे उपपंतप्रधान ब्युलेंत आरिंच यांनी ईदच्या भाषणात सांगितलं की बाईनं चारचौघांत मोठ्यानं हसू नये. त्यावर तिथल्या बायकांनी तोंडभर हसतानाचे आपले फोटो इंटरनेटवर टाकले. हजारोंनी टाकले. त्यातले काही मी पोरींना दाखवले. "यायची माय नाई का बोलत?" एकीनं विचारलं. बोलत असणारच.

माणूस नेमकं कशाला हसतं याचा अभ्यास अमेरिकेत रॉबर्ट प्रोवाइन यांनी केला. मेरीलँडमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक होते ते. प्रयोगशाळेत विनोद ऐकवण्याऐवजी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात लोकांचं हसणं टिपलं. अशा १२०० प्रसंगांत हसण्याच्या आधीचं वाक्य थोडंफार तरी विनोदी होतं ते जेमतेम १० ते २० टक्के वेळा. बाकीची वाक्यं "चल, निघते मी", "भेटून बरं वाटलं" असली साधीच. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो, सरासरी ४६ टक्के जास्त, आणि बोलणारी बाई व ऐकणारा पुरुष असेल तर हा फरक सर्वांत मोठा, असंही त्यांना आढळलं. १९९६ मध्ये त्यांनी हे मांडलं. आमच्या वॉर्डातल्या चहाच्या खोलीत मी हे रोज बघते. "आज परत पाऊस," असं कुणीतरी म्हणतं आणि हसतं. त्यात विनोद कुठेच नसतो. मी तुझ्यासोबत आहे, एवढंच त्या हसण्यातून पोचतं, आणि रात्रपाळीत ते पोचणं फार मोलाचं असतं.

मग आठवतं ते आमच्याकडचं कापूस वेचणं. दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा निघतो. बाया कंबरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळीत शिरतात. दोन्ही हात एकाच वेळी चालतात. बोंड फुटून वाळलेलं असतं आणि त्याच्या टोकदार कडा नखाच्या मुळाशी टोचतात, संध्याकाळी बोटं चुरचुरतात. ओटी भरत जाते तशी कंबर खाली ओढली जाते. आणि या सगळ्यात बाया हसतात. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाच्या बकरीनं खाल्लेलं लुगडं, काहीही पुरतं. एकीनं सुरू केलं की हसू एका पातीवरून दुसऱ्या पातीवर जातं. बांधावरून जाणारा माणूसही थांबून बघतो, पण तिथे कुणी ओढणी पुढे घेत नाही. यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असायचा, तर माझ्या आईचा. पोरींना "खिदळू नका" म्हणणारी हीच आई.

ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना एकत्र बसवून विनोदी चित्रफिती दाखवल्या. त्याआधी आणि नंतर हाताला गोठवलेलं आवरण गुंडाळून किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळून त्यांना किती सोसवतं ते मोजलं. पोटभर हसून झाल्यावर माणसं जास्त दुखणं सोसतात, असं निघालं. हसताना शरीरात एंडॉर्फिन हे दुखणं कमी करणारं रसायन पाझरतं, हे त्यांचं म्हणणं. मी हे वाचलं तेव्हा आईची बोटं डोळ्यांपुढे आली. शेतात ती उगाच हसत नव्हती.

शेतात चालतं, भुलाबाईच्या महिन्यात खिरापत ओळखताना चालतं, हळदीच्या रात्री चालतं. जिथे बायाच बाया असतात तिथे आपल्याकडे बाईच्या हसण्याला पूर्ण परवानगी आहे. अडतं ते ओसरीत, रस्त्यावर, वर्गात, आणि पाहण्याच्या कार्यक्रमात तर फारच. चहाचा ट्रे घेऊन बाहेर जाताना "दात दिसू देऊ नको" हे मला सांगितलं गेलं होतं, माझ्या पुतणीलाही उद्या सांगतील. इथे इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांत जोडीदार हवा म्हणून ज्या छोट्या जाहिराती यायच्या, त्यांत 'गुड सेन्स ऑफ ह्युमर' ही अट इतक्या जणांची असायची की त्याची जी-एस-ओ-एच अशी चार अक्षरंच रूढ झाली. आपल्या वधू-वर सूचकांत गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष असं सगळं असतं. मोठ्यानं हसणारी मुलगी हवी, असं लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही. मला ते वाचायचं आहे.

त्या रविवारी शेवटी पुतणीनंच विचारलं, "आत्या, आमी मोठ्यानं हासलो तं मंग कोनता शब्द?" मी सांगितलं, लाफ. साधा लाफ, आणि त्याचं नाम लाफ्टर. इंग्रजीतला फार जुना शब्द. त्याच्या स्पेलिंगमधला 'जीएच' एकेकाळी घशातून काढायचे, जर्मन लोक 'लाखेन' म्हणताना अजून काढतात, इंग्रजांनी पुढे त्याचा 'फ' केला. हा शब्द राजाला चालतो, मजुराला चालतो, म्हातारीला चालतो, पोरीला चालतो. तो कुणाला नावं ठेवत नाही. तुम्ही व्हॉट्सॲपवर जे एलओएल टाकता तेही 'लाफ आउट लाउड'च, आणि २०११ पासून ते ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशातही आहे. पोरींना हे माहीत नव्हतं. रोज टाकत होत्या.

पुतणीनं मग परिपाठात वाचायला पाच वाक्यं लिहिली. पहिलंच वाक्य होतं, आमची आजी कापसाच्या वावरात मोठ्यानं हसते. तिथे तिनं लाफ्स लाउडली असं ठसठशीत लिहिलं होतं. आईनं दारातूनच विचारलं, माह्या नावानं काय लिवलं? पुतणीनं मराठीत सांगितलं. आई जरा थांबली.

"लिव," ती म्हणाली. "पन हे बी लिवजो का माही पात सगळ्यायच्या आंधी सरते."