फॉसडेमचा स्टॉल: ब्रसेल्सला जाणाऱ्यांसाठी

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, शनिवार-रविवार धरून, ब्रसेल्समध्ये फॉसडेम हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा (ज्याचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो असं सॉफ्टवेअर) मेळावा भरतो. प्रवेश मोफत, नावनोंदणीही नाही, त्यामुळे गर्दी मुंबईच्या लोकलसारखी. जागा युएलबी विद्यापीठाच्या सोलबोश परिसरात. सेंट्रल स्टेशनवरून ७१ नंबरची बस थेट नेते आणि बँकेचं कार्ड टेकवलं की तिकीट झालं. मी लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच्या टेबलामागे स्वयंसेवक म्हणून उभी होते.

इथे येणाऱ्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय हे सांगायला जाऊ नका. तो ते वर्षानुवर्षं वापरतोय आणि बहुतेक वेळा तक्रार घेऊनच येतो. ‘तक्त्यातली ओळ पुढच्या पानावर गेली की सगळी मांडणी बिघडते,’ अशी थेट सुरुवात. अशा वेळी सॉफ्टवेअरची बाजू घेऊन भांडलात तर माणूस गेलाच. लॅपटॉप त्याच्याकडे वळवा आणि ‘करून दाखवा बरं’ म्हणा. निम्म्या वेळा नव्या आवृत्तीत ती अडचण उरलेलीच नसते. उरली असेल तर तिथल्या तिथे बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवायच्या संकेतस्थळावर, त्याच्याच हातून नोंद करून घ्या. माझ्या मते स्टॉलवरचं सगळ्यात मोलाचं काम हेच, पत्रकं वाटणं नव्हे. पत्रकं तशीही कोणी वाचत नाही.

स्टिकर घ्यायला येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. स्टिकर निवडताना माणूस दोन-चार सेकंद मान खाली घालून थांबतो, तेवढीच संधी. ‘लिबरऑफिस वापरता का?’ विचारलंत तर ‘हो’ म्हणून तो पुढे सरकतो. ‘ऑफिसात कशावर काम करता?’ विचारलं की बोलायला लागतो. ब्रसेल्स म्हटल्यावर सरकारी नोकरीतली माणसंही येतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला: मोठ्या कार्यालयात हे चालतं का? जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला, हे उदाहरण तोंडपाठ असू द्या. ‘फुकट आहे तर पैसे कुठून येतात?’ यालाही एका वाक्यात उत्तर हवं: लिबरऑफिसमागची, बर्लिनमध्ये नोंदलेली द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था मुख्यतः देणग्यांवर चालते.

एक युक्ती फारच चालली. डेमोच्या लॅपटॉपवर मेनू मराठीत ठेवले होते. देवनागरी दिसली की लोक थबकत, ‘ही कुठली भाषा?’ म्हणत आणि लगेच ‘माझी आहे का?’ मग सेटिंगमध्ये भाषा बदलायची, प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा, की समोरचा खुलतोच. लूव्हेनला शिकणारा नागपूरचा एक मुलगा तर ‘अरे, हे मराठीत कोणी केलं?’ म्हणत तिथेच रेंगाळला. भाषांतरात हातभार कसा लावायचा ते विचारून गेला. मात्र लिनक्सवर भाषांचे पॅक बऱ्याचदा वेगळे टाकावे लागतात, ते घरूनच टाकून न्या. तिथल्या वायफायवर भिस्त नको. मुख्य नेटवर्क फक्त आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर चालतं; जुन्या उपकरणांसाठी ‘फॉसडेम-एन्शंट’ नावाचं दुसरं असतं.

खुर्ची मिळते, पण बसू नका. बसलेल्या माणसाशी कोणी बोलायला येत नाही. त्यासाठी टेबलावर किमान तिघं हवीत: दोघं उभी, एक जेवायला किंवा भाषण ऐकायला. भारतातला तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड सोबत घ्या. बाहेर कडाक्याची थंडी, आत गर्दीने उकाडा, त्यामुळे एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. घशासाठी गरम पाण्याचा थर्मास हवाच, दुपारपर्यंत आवाज बसतो.

स्टॉलसाठी अर्ज काही महिने आधी करावा लागतो. प्रकल्पाचं नाव मोठं म्हणून जागा मिळेलच असं नाही. रविवारी संध्याकाळी आवराआवर स्वतःच करायची असते, तेव्हा परतीची गाडी रात्रीची घ्या.