बिनघोर

बेकरीतून निघताना मिळालेल्या सुट्ट्या पैशांत दोन युरोचं एक अनोळखी नाणं निघालं. जर्मनीतल्या दोन युरोच्या पाठीवर एरवी गरुड असतो. याच्यावर द्राक्षमळ्याच्या पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या वर एक बैठा, घुमटवाला महाल. खाली अक्षरं, ब्रांडेनबुर्ग. साल २०२०.

इथं सोळा राज्यं आहेत. २००६पासून एकेका वर्षी एकेकाची पाळी लागली आणि ज्यानं त्यानं आपला दागिना नाण्यावर मिरवून घेतला. बव्हेरियानं डोंगरावरचा नॉयश्वानस्टाइन किल्ला, साक्सनीनं ड्रेस्डेनचा झ्विंगर राजवाडा. ब्रांडेनबुर्गनं पुढं केला पॉट्सडॅमचा सांसूसी महाल. मला यातलं आवडलं ते हे, की ही नाणी मखमली डबीत बसत नाहीत. लोकांच्या खिशात चाव्यांबरोबर खुळखुळतात.

सांसूसी म्हणजे फ्रेंचमध्ये 'चिंता नाही'. बर्लिनहून गाडीनं तिथं गेले होते तेव्हा मला हसू आलं होतं. पेन्शनीत निघालेले आपले हेडक्लार्क बंगलीवर 'निवांत' अशी पाटी लावतात ना, तसं प्रशियाच्या राजानं, दुसऱ्या फ्रेडरिकनं, घराचं नाव दर्शनी भिंतीवर कोरून घेतलंय. वर मधे स्वल्पविराम आणि शेवटी पूर्णविराम! 'सांस, सूसी.' म्हणजे 'बिन, घोर.' त्या स्वल्पविरामावर विद्वान अजून डोकं खाजवताहेत. मला विचाराल तर बिनघोर म्हणता म्हणता राजाला मधेच काहीतरी आठवलं असणार.

घर बांधलं १७४५ ते १७४७मध्ये. आराखडा राजानं स्वतःच खरडला. क्नोबेल्सडॉर्फ हा त्याचा वास्तुविशारद सांगत होता, की जोतं उंच घ्या, नाहीतर खालून बघणाऱ्याला महाल बुडाल्यासारखा दिसेल. राजा ऐकेना. त्याला खोलीतून पाय टाकला की थेट बागेत जायचं होतं. क्नोबेल्सडॉर्फचं खरं ठरलं. खालच्या कारंज्यापाशी उभं राहिलं की महालाचे पाय दिसत नाहीत. नाण्यावरही रुबाब पायऱ्यांचाच. पण हट्ट राजाचा मला पटतो. चपला न घालता अंगणात उतरता येणं हे सुख उंच जोत्यावरून कुठलं मिळायला?

त्याच अंगणात, आपल्या लाडक्या कुत्र्यांशेजारी मला पुरा, असं तो सांगून ठेवून गेला. १७८६मध्ये तो वारला आणि पुतण्यानं त्याला नेऊन ठेवलं चर्चमध्ये, बापाशेजारी. ज्या बापाशी जन्मात पटलं नाही त्याच्याशेजारी! इच्छा पुरी झाली १९९१च्या ऑगस्टमध्ये. साध्या दगडाखाली तो आता कुत्र्यांजवळ आहे. त्यानं प्रजेला बटाटा लावायला लावला, म्हणून लोक त्या दगडावर फुलांसोबत बटाटे ठेवतात. मी गेले तेव्हा सात होते. एकाला मोड आले होते.

तर असं हे नाणं खर्चायचं कसं? पाकिटात ठेवलं तर चुकून जाईल, ड्रॉवरमध्ये ठेवलं तर विसरेन. दोन युरोच्या 'चिंता नाही'नं माझा आठवडा खाल्ला. शेवटी उपाय सुचला. इथल्या दुकानांत सामानाची ढकलगाडी साखळीला बांधलेली असते. खाचेत नाणं घातलं की सुटते, गाडी परत लावली की नाणं हातात. खर्चही नाही आणि फुकट पडूनही नाही. सांसूसी गाडीचं नाणं झालं, कोटाच्या उजव्या खिशात राहायला लागलं. दोनेक महिने मजेत गेले.

मग नोव्हेंबरातल्या एका पावसात मी रिकामी गाडी परत लावायला निघाले, तर एक आजीबाई छत्री सावरत समोर आल्या. गाडी मलाच द्या ना, म्हणाल्या, आणि माझ्या तळहातावर दोन युरो ठेवले. इथली रीतच आहे ती. मी 'डांके' म्हटलं, त्या गाडी ढकलत आत गेल्या.

बसमध्ये मूठ उघडली. गरुड.